‘बीजासारखी’ म्हणजे बीज नव्हे!

“तुमची बीजं संपत आलीत,” असं डॉक्टरांनी सांगितलं की बाईच्या पायाखालची जमीनच सरकते. वर घरच्यांचे टोमणे असतातच. मग कुणीतरी सुचवतं, “एकदा मुंबईला, परळला दाखवून या.”

परळचं नाव उगीच निघत नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी इथल्याच के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी हर्षा जन्मली. शास्त्रीय नोंदी असलेली भारतातली ती पहिली टेस्ट ट्यूब बेबी. पण मैत्रिणींनो, टेस्ट ट्यूब बेबीलाही स्त्रीबीज लागतंच. तेच नसेल तर?

याचाही शोध परळमध्ये घेतला गेला. के.ई.एम.जवळच प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या डॉ. दीपा भारतीय आणि सहकाऱ्यांनी ससा, मेंढी, माकड आणि पाळी गेलेल्या स्त्रिया यांच्या बीजकोशाचं वरचं आवरण खरवडलं आणि त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. तीन आठवड्यांत काही पेशी चक्क स्त्रीबीजासारख्या दिसू लागल्या! २०११ साली हे काम प्रसिद्ध झालं. त्यांचं म्हणणं असं, की या आवरणात तांबड्या रक्तपेशीहूनही लहान मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल असतात आणि पाळी गेल्यावरही त्या उरतात.

मुलगी जन्मताना सगळी बीजं घेऊनच येते, पुढे ती फक्त कमी होत जातात, असं आपण शिकलो. त्यालाच हा धक्का. म्हणून अनेक शास्त्रज्ञांना तो अजून पटलेला नाही.

जपानमध्ये २०१६ साली उंदराच्या शेपटीच्या पेशींपासून मूळपेशी, त्यांच्यापासून बीजं आणि त्या बीजांपासून जिवंत पिल्लंही झाली. मात्र फार थोडे गर्भ टिकले. आणि माणसाचं मूल? अशा बीजापासून आजवर एकही जन्मलेलं नाही.

म्हणूनच ‘सारखी’ हा शब्द नीट ऐका. ‘स्टेम सेलने बीजं परत आणून देतो’ असं सांगून कुणी पैसे मागितले, तर सावध व्हा. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार असे उपचार फक्त मंजूर चाचणीतच करता येतात आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. दागिने गहाण टाकण्याआधी सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. नवऱ्याचीही तपासणी करून घ्या.

आणि बीजं संपली, यात बाईचा काही गुन्हा नाही. हे घरात ठणकावून सांगायला मात्र कुठल्याही प्रयोगशाळेची वाट पाहायला नको.