फ्रान्सला ऑफ-सीझनमध्ये जाताय? मग सुंदर गाव नको, जागं शहर शोधा

फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्समध्ये गोर्द नावाचं गाव आहे. डोंगराच्या कडेला एकावर एक रचल्यासारखी दगडी घरं, खाली दरी आणि जवळच जुन्या मठापुढे पसरलेली लव्हेंडरची जांभळी शेतं. फोटो पाहिला की वाटतं, फ्रान्सला गेलो तर इथेच राहायचं.

आता हेच गाव जानेवारीत बघा. लव्हेंडर फुलतं जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. जानेवारीत शेतात उरतात छाटलेली करडी झुडपं. बरीच हॉटेलं आणि रेस्टॉरंट बंद असतात. गावाला रेल्वे स्टेशन नाही. त्यात उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून येणारा मिस्त्राल नावाचा वारा सुटला, तर ऊन असूनही कानटोपीशिवाय बाहेर पडवत नाही.

दोन-तीन वर्षं पैसे साठवून, रजा जुळवून, व्हिसाचे सोपस्कार करून दहा दिवसांसाठी गेलेल्या कुटुंबाने इथे चार रात्रींचे पैसे आगाऊ भरले असतील, तर पुढचं सांगायला नको.

नोव्हेंबर ते मार्च या काळात फ्रान्समध्ये गर्दी कमी असते आणि राहण्याचे दरही बरेच उतरतात, हे खरं आहे. पण उन्हाळ्यात चालणारा प्लॅन हिवाळ्यात चालत नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत होते ती मुक्कामाची जागा निवडताना.

गावं बंद का होतात?

फ्रान्समध्ये साधारण दर दहा घरांमागे एक घर 'सेकंड होम' आहे, म्हणजे मालक राहतो पॅरिसला किंवा परदेशात आणि इथे येतो सुट्टीत. ही घरं देशभर सारखी विखुरलेली नाहीत. ती समुद्रकिनारी, डोंगरात आणि नावाजलेल्या देखण्या गावांत एकवटली आहेत. काही ठिकाणी तर गावातली निम्म्याहून जास्त घरं अशीच. हिवाळ्यात त्यांच्या खिडक्यांची लाकडी दारं लागतात, गिऱ्हाईक नाही म्हणून बेकरीवालाही सुट्टीवर जातो. आपल्याकडे भर पावसात कोकणातल्या एखाद्या बीचवर गेलात तर शॅकवाले जसे गाशा गुंडाळून बसलेले असतात, तसंच हे.

म्हणून हिवाळ्यात मुक्काम अशा शहरात हवा जिथे लोक पर्यटकांसाठी नाही, तर स्वतःच्या कामासाठी जगतात. विद्यापीठ आहे, मोठं हॉस्पिटल आहे, ऑफिसं आहेत, ट्राम आहे. तिथली हॉटेलं आणि भाजी मंडई जानेवारीतही चालू असतात, कारण ती तुमच्या भरवशावर नसतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. डिसेंबरच्या शेवटी पॅरिसमध्ये सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमाराला आणि पाचच्या आत मावळतो. जेमतेम सव्वाआठ तासांचा दिवस. मुंबईत त्याच दिवशी जवळपास अकरा तास उजेड असतो. दोन दिवसांनी हॉटेल बदलायचं ठरवलं, तर बॅगा भरणं, चेक-आऊट, गाडी, पुन्हा चेक-इन यात एका दिवसाचा उजेड संपला. एका ठिकाणी राहून रोज सकाळी ट्रेनने जायचं आणि संध्याकाळी परतायचं, हे हिवाळ्यात जास्त परवडतं.

मग कुठलं शहर?

पहिल्यांदाच जाणाऱ्या बहुतेकांसाठी उत्तर आहे लियॉन. फ्रान्सची पहिली टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वे, १९८१ मध्ये पॅरिस आणि लियॉनच्याच दरम्यान सुरू झाली. आज हे अंतर साधारण दोन तासांचं आहे. पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळाच्या आतच टीजीव्हीचं स्टेशन आहे, तिथूनही लियॉनला थेट गाड्या मिळतात. म्हणजे मुंबईहून पॅरिसला उतरलात की बॅगा घेऊन शहरात शिरायचीही गरज नाही. फक्त विमान उशिरा आलं तर गाडी चुकू नये इतका वेळ हाताशी ठेवूनच तिकीट काढा.

लियॉनहून रोमन अवशेषांचं व्हिएन अर्ध्या तासात गाठता येतं. आल्प्सच्या पायथ्याशी तळ्याकाठी वसलेलं आनसी साधारण दोन तासांवर आहे, पोपच्या राजवाड्याचं आविन्यों टीजीव्हीने सव्वा तासाच्या आसपास. म्हणजे एका हॉटेलात राहून बर्फाचे डोंगर आणि प्रोव्हान्स, दोन्ही. पाऊस लागला तर शहरातच दिवस जातो. जुन्या भागात 'त्राबूल' नावाच्या बोळवाटा आहेत, एका इमारतीतून शिरायचं आणि अंगणं ओलांडत दुसऱ्याच गल्लीत निघायचं. रेशमाच्या व्यापाराने वाढलेलं हे शहर. येवल्या-इचलकरंजीच्या मागावर ज्याचं नाव अजून घेतलं जातं तो जॅकार्ड इथलाच.

तोटेही आहेत. लियॉनचा हिवाळा ढगाळ असतो, जानेवारीत दुपारचं तापमानही सात अंशांच्या आसपास. 'बुशों' नावाच्या तिथल्या प्रसिद्ध खाणावळींत मेन्यू बहुतेक डुकराच्या मांसाचा आणि आतड्यांचा. शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलेलं बरं. आणि ८ डिसेंबरच्या आसपासचे चार दिवस टाळा, किंवा मुद्दाम तेव्हाच जा. १८५२ पासून या दिवशी लोक खिडक्यांत दिवे लावतात, अगदी आपल्या पणत्यांसारखे. आता त्याचा मोठा प्रकाशोत्सव झालाय आणि तेव्हा हॉटेलं ऑफ-सीझनच्या दरात मिळत नाहीत.

ज्यांना थंडी सोसत नाही, सोबत आई-वडील आहेत, त्यांनी लियॉनचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी नीस.

गंमत म्हणजे हे शहर वाढलंच हिवाळ्यासाठी. अठराव्या शतकापासून श्रीमंत इंग्रज थंडी चुकवायला इथे येऊन राहायचे. समुद्राकाठच्या रस्त्याचं नावच 'इंग्रजांचा रस्ता' असं आहे, प्रोमनाद दे झाँग्ले. २०२१ मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेही हिवाळी मुक्कामाचं शहर म्हणून. उन्हाळ्यात समुद्रावर जायची पद्धत नंतरची. जानेवारीत दुपारी इथे १३ अंशांपर्यंत तापमान जातं. समुद्रात पोहता येणार नाही, पण बाकावर ऊन खात बसता येईल.

इथल्या लोकल ट्रेन किनाऱ्याला लागून धावतात. एका बाजूला आन्तिब आणि कान, दुसऱ्या बाजूला मोनॅको आणि इटलीच्या सीमेवरचं माँतों, सगळं तासाभराच्या आत. फेब्रुवारीत नीसचा कार्निव्हल आणि माँतोंचा लिंबू महोत्सव असतो, तेव्हा मात्र बुकिंग आधी करा. शाकाहारी लोकांसाठी इथे 'सोका' आहे. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या तव्यावर भट्टीत भाजलेलं. बेसनाच्या धिरड्याचा फ्रेंच चुलतभाऊच.

राजवाडे पाहायचे असतील तर तूर. शाम्बोर आणि शनोन्सो हे लुआर खोऱ्यातले प्रसिद्ध राजवाडे हिवाळ्यातही उघडे असतात, फक्त वेळ कमी. शनोन्सोला तूरहून ट्रेनने अर्ध्या तासात पोहोचता येतं. दोन-तीन दिवसांना पुरे.

स्ट्रासबर्गचा ख्रिसमस बाजार १५७० पासूनचा आहे आणि तो चालू असताना तिथे ऑफ-सीझन नसतोच. स्वस्तात आणि शांतपणे पाहायचं तर बाजार उठल्यावर जा, पण कडाक्याच्या थंडीची तयारी ठेवा.

दोन शहरं निवडताना नकाशावरचं अंतर बघून फसू नका. फ्रान्सचे मुख्य रेल्वेमार्ग पॅरिसमधून चाकाच्या आऱ्यांसारखे निघतात. बोर्दोहून लियॉनला रेल्वेने जायचं तर बहुतेक वेळा पॅरिसमार्गेच यावं लागतं. तिथेही बोर्दोची गाडी येते मोंपारनास स्टेशनवर आणि लियॉनची सुटते गार द लियॉनवरून. सीएसएमटीला उतरून बॅगांसकट मुंबई सेंट्रल गाठण्यासारखा प्रकार. म्हणून एकाच आऱ्यावरची शहरं जोडा. लियॉन आणि नीस ही जोडी जमते, थेट टीजीव्हीने साडेचार तासांच्या आसपास. तूर आणि बोर्दोही जमते.

गाडी भाड्याने घेऊन आल्प्सकडे जायचा विचार असेल, तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात ठरवून दिलेल्या डोंगरी भागांत हिवाळी टायर किंवा चाकांच्या साखळ्या सक्तीच्या आहेत. भाड्याची गाडी घेतानाच विचारून घ्या.

कॅलेंडरही तपासा. आपल्याकडून दिवाळीत निघणाऱ्यांची एक पंचाईत होते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून दोन आठवडे फ्रान्समधल्या शाळांनाही सुट्टी असते, त्यामुळे गाड्या भरलेल्या असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा सुट्ट्या, पण देशाचे तीन विभाग करून आळीपाळीने. लियॉन एका विभागात, पॅरिस दुसऱ्या आणि नीस-स्ट्रासबर्ग तिसऱ्या. या तारखा सरकार बरीच आधी जाहीर करतं.

चित्रकार मोनेची जिव्हेर्नीची बाग १ नोव्हेंबरनंतर थेट १ एप्रिललाच उघडते, त्यामुळे तिच्या आशेवर त्या बाजूला मुक्काम ठेवू नका. आणि कुठल्याही शहरात रविवारी रात्री पोहोचणार असाल तर आधी काहीतरी खाऊन घ्या. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बरीच रेस्टॉरंट बंद असतात, उन्हाळा असो की हिवाळा.