आधी रंग, मग सूत्र

लोअर परळ स्टेशनातून बाहेर पडून पांडुरंग बुधकर मार्गाला लागले की काचेच्या इमारती सुरू होतात. याच रस्त्यावर बॉम्बे डाइंगची गिरणी होती. नावातल्या ‘डाइंग’कडे आता कुणाचे लक्ष जात नाही, लोकांना चादरी आणि टॉवेल आठवतात. पण १८७९ मध्ये नवरोसजी वाडियांनी सुरुवात केली ती विणण्यापासून नव्हे, रंगवण्यापासून. देशात कातलेले सुती सूत हाताने रंगात बुडवायचे आणि उन्हात वाळत घालायचे, एवढाच तो उद्योग. रंग तीनच होते: टर्की रेड, हिरवा आणि नारिंगी.

यातला पहिला रंग म्हणजे रसायनशास्त्रातली एक मोठी कहाणी आहे.

कापूस हा रंगाच्या बाबतीत भलता हट्टी. लोकर आणि रेशीम ही प्रथिने. त्यांच्या रेणूंवर आम्ल आणि अल्कली अशा दोन्ही स्वभावांचे गट असतात, त्यामुळे रंगाला धरायला जागा मिळते. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. पाणी पितो, रंगही प्यायल्यासारखा दाखवतो आणि पहिल्याच धुण्यात सगळा ओकून टाकतो. (हळद याला अपवाद. ती सुताला आपणहून चिकटते, पण उन्हापुढे टिकत नाही. वरणाचा डाग पडलेला सदरा दोन दिवस कडक उन्हात टाकून पाहा.)

मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांत अलिझरिन हा रंगरेणू असतो. तो नुसता उकळून सुतावर घातला तर मळकट छटेपलीकडे काही हाती लागत नाही. मध्ये तुरटी आली की चित्र पालटते. तुरटीतला ॲल्युमिनियम एका हाताने धागा धरतो, दुसऱ्या हाताने अलिझरिन. अशा मध्यस्थाला रंगबंधक म्हणतात. मध्यस्थ बदलला की रंगही बदलतो: ॲल्युमिनियमबरोबर लाल, लोखंडाबरोबर जांभळा-काळा, कथिलाबरोबर नारिंगीकडे झुकणारा. एकाच मुळाच्या काढ्यातून हे सगळे निघते. आपल्याकडे बारतोंडीच्या मुळापासून, म्हणजे ‘आल’पासून, जो लाल काढत, तिथेही रेणू याच कुळातला आणि तुरटीही तीच.

पण याच मुळांतून निघणाऱ्या टर्की रेडला नुसती तुरटी पुरत नाही. जुन्या कृतीत सूत खवट तेलात आणि जनावराच्या शेणात पुन्हापुन्हा भिजवायचे, वाळवायचे, मग तुरट फळांचा काढा, मग तुरटी, मग चुनखडी घातलेल्या पाण्यात मुळांसह उकळायचे; काही ठिकाणी त्यात रक्तसुद्धा पडे. डझनभराहून जास्त पायऱ्या, आठवड्यांमागून आठवडे. खवट तेलच का, शेण कशाला, पाण्यात चुना नसला तर लाल का बसत नाही, हे रंगाऱ्यांना ठाऊक नव्हते. पायरी चुकली की माल वाया जातो, एवढे मात्र पक्के ठाऊक होते. भोळसट समजुती म्हणून या कृतीला हसणारे हसले असतील, पण त्यातले बरेचसे बरोबर निघाले. खवट तेलात मोकळी मेदाम्ले असतात, ती ॲल्युमिनियमला धाग्यावर बसायला मदत करतात. चुन्यातले कॅल्शियम तर रंगाच्या रेणूसमूहाचाच भाग होते. १८७०च्या दशकात एरंडेलावर गंधकाम्लाची क्रिया करून पाण्यात मिसळणारे ‘टर्की रेड ऑइल’ निघाले आणि खवट तेलाची गरज संपली.

मुळाची गरज त्याआधीच संपली होती. १८६८ मध्ये बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी अलिझरिन जस्ताच्या भुकटीबरोबर तापवले आणि त्यातून अँथ्रासीन निघाले. अँथ्रासीन दगडी कोळशाच्या डांबरात मिळते. म्हणजे उलट दिशेने गेले तर डांबरातून अलिझरिन करता आले पाहिजे. आले. वनस्पतीतला रंग कारखान्यात तयार होण्याची ही पहिलीच वेळ. स्वस्त पद्धतीच्या पेटंटासाठी १८६९ मध्ये लंडनमध्ये जर्मनांचा अर्ज इंग्रज रसायनज्ञ पर्किनपेक्षा बरोबर एक दिवस आधी पोचला. दहाएक वर्षांत फ्रान्समधली मंजिष्ठेची शेती बसली.

हाच पर्किन अठराव्या वर्षी क्विनाइन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला, ते साल १८५६. त्याच वर्षी ताडदेवला कावसजी दावरांची, मुंबईतली पहिली कापडगिरणी चालू झाली. निव्वळ योगायोग, पण पुढची शंभर वर्षे या दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून चालल्या नाहीत.

निळीची गोष्ट वेगळी. मुंबईतल्या डोंगरीवरून ज्या जाड कापडाला इंग्रजांनी ‘डंगरी’ म्हटले, ते बहुधा निळीतच रंगवलेले असे. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिचे क्षपण करून तिला विरघळणाऱ्या रूपात आणावे लागते. पूर्वी हे काम हौदातले जंतू करत. चुना आणि गूळ घालून आंबवण त्यासाठीच. गिरणीत त्याजागी कॉस्टिक आणि सोडियम हायड्रोसल्फाइट आले. विरघळलेली नीळ निळी नसते, पिवळट-हिरवी असते. कापड हौदातून तशाच रंगाचे बाहेर येते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होत जाते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे नीळ मूळ रूपात येते, अविद्राव्य होते आणि धाग्याच्या आतच अडकते. इथे मध्यस्थ लागत नाही, कैद पुरते. रसायनज्ञ बायरने १८८३ मध्ये निळीची रचना सांगितली, १८९७ मध्ये जर्मनीतल्या ‘बाडिश’ कंपनीने कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडची निळीची शेती कोसळत गेली.

इथल्या गिरण्यांतले रंग परदेशातून, सूत्रेही परदेशातून. रंगखात्याचा मास्तर लेबल वाचून प्रमाण घालणार, बाकी हाताचा अंदाज. ही दरी बुजवायला १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञान विभाग काढला, आजची माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी (आयसीटी). कापडरसायन हा तिथल्या पहिल्या विषयांपैकी एक होता. गिरण्या हाकेच्या अंतरावर असताना दुसरे काय असणार! १९३८ मध्ये विभागाचे प्रमुख झालेले के. वेंकटरामन हे पहिले भारतीय प्रमुख. मँचेस्टरला शिकलेला हा माणूस रंगरेणूंच्या अभ्यासात जागतिक दर्जाचा. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा ग्रंथ १९५२पासून खंडाखंडाने निघाला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला गेला.

१९५६ मध्ये, पर्किनच्या जांभळ्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ‘रिॲक्टिव्ह’ रंग बाजारात आले. हे कापसाशी थेट रासायनिक बंध बांधतात. हट्टी कापूस अखेर वळला, पण फुकट नाही: काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच बंध बांधून बसतो आणि भरपूर मिठासकट गटारात जातो. गिरणगावातला धंदा उठून भिवंडी आणि इचलकरंजीकडे गेला, तेव्हा हे पाणीही तिकडे गेले. पंचगंगेकाठच्या लोकांना ते वेगळे सांगायला नको.

आणि टर्की रेड? धाग्यावर ॲल्युमिनियम, कॅल्शियम आणि अलिझरिन नेमके कसे जुळतात, याची नीट मांडलेली रचना किएल आणि हेर्टयेस या संशोधकांनी दिली १९६३ मध्ये. वाडियांचे सूत उन्हात वाळत पडल्याला तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षे झाली होती.

काळाचौकीच्या जुन्या गिरणीत महापालिकेचे कापड संग्रहालय आकाराला येत आहे. साचे आणि चात्या तिथे असणारच. पण रंगखात्याचे ज्ञान यंत्रात नव्हते, वह्यांत होते: कुठल्या छटेला किती रंग, किती मीठ, किती वेळ, शेजारी चिकटवलेला कापडाचा तुकडा. डिलाईल रोड, करी रोड, लालबागच्या घरांत माळ्यावर अशी एखादी वही असेल तर ती रद्दीत घालू नका.