हरलेला संघ आणि बुडालेला संघ



गेल्या मोसमात माझ्या दहा वर्षांच्या मुलीच्या सॉकर टीमने एकही सामना जिंकला नाही. शेवटचा सामना हरून घरी येताना तिने गाडीत मागच्या सीटवरून विचारलं, "बाबा, सगळ्या मॅचेस हरलो, म्हणजे आता आमची टीम बंद करणार का?" मी "नाही गं" म्हणालो खरा, पण तिला ते पटलं नाही. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. एखादा प्रोग्रॅम बंद पडला की तो नेमका कुठे अडकला हे शोधल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. म्हणून ठरवलं, खरोखर बंद पडलेला एक संघ घ्यायचा आणि तो का बंद पडला ते पाहायचं. त्यासाठी लांब जावं लागलं नाही. तो आपल्याच बे एरियात, ओकलंडमध्ये होता. त्याचं नाव कॅलिफोर्निया गोल्डन सील्स.

आपल्या पालकांपैकी अनेकांना हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि मैदान आठवतं. ही हॉकी बर्फावरची. प्रत्येक बाजूला एक गोलरक्षक आणि पाच खेळाडू, पायात स्केट्स, आणि चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती. तिला पक म्हणतात.

१९६७ पर्यंत नॅशनल हॉकी लीगमध्ये फक्त ६ संघ होते. त्या वर्षी लीगने एकदम आणखी ६ संघ घेतले. प्रत्येक नव्या संघाने प्रवेशासाठी २० लाख डॉलर्स भरले. त्यातलाच एक आपला सील्स. सील म्हणजे समुद्रातला तो गुळगुळीत, मिशाळ प्राणी.

पहिली अडचण जागेची. याच नावाचा एक छोट्या लीगमधला संघ आधी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये खेळायचा आणि त्याचे प्रेक्षक तिकडचे होते. मोठ्या लीगला ती जुनी इमारत पसंत नव्हती. म्हणून नवा संघ खाडीच्या पलीकडे, ओकलंडच्या नव्याकोऱ्या कोलिझियममध्ये गेला. हिशेब असा की सॅन फ्रान्सिस्कोचे लोक पूल ओलांडून येतील. ते काही फारसे आले नाहीत. खाडीखालून जाणारी बार्ट रेल्वेसुद्धा तेव्हा नव्हती, ती १९७४ मध्ये सुरू झाली. साडेबारा हजारांच्या आसपास आसनं, आणि अनेकदा त्यातली निम्मीही भरत नसत.

मग सुरू झाला नावांचा खेळ. आधी कॅलिफोर्निया सील्स. पहिल्याच मोसमात त्याचं झालं ओकलंड सील्स. १९७० मध्ये काही दिवस बे एरिया सील्स आणि शेवटी कॅलिफोर्निया गोल्डन सील्स. बारसं चार वेळा झालं, पण बाळाची तब्येत सुधारली नाही.

तरी सुरुवात अगदीच वाईट नव्हती. दुसऱ्या मोसमात (१९६८-६९) संघ आपल्या गटात दुसरा आला आणि बाद फेरीत लॉस एंजेलिस किंग्जशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजून हरला. पुढच्या वर्षीही बाद फेरी गाठली. त्यानंतर मात्र पुन्हा कधीच नाही.

१९७० मध्ये दोन गोष्टी घडल्या. त्यातली एक गमतीची आणि दुसरी घातक.

गमतीची गोष्ट म्हणजे नवे मालक चार्ली फिनली. हे इन्शुरन्सच्या धंद्यात श्रीमंत झालेले गृहस्थ. बेसबॉलचा ओकलंड ए'ज संघ त्यांचाच. बेसबॉल खेळाडूंना त्यांनी पांढरे बूट दिले होते आणि १९७२ मध्ये तर मिशा वाढवण्याबद्दल प्रत्येकी ३०० डॉलर्स दिले! त्यांनी सील्सलाही तेच हिरवे-सोनेरी कपडे घातले, आणि पुढे पांढरे स्केट्स दिले. बेसबॉलमध्ये ठीक आहे, पण हॉकीत काळा पक बुटांवर आपटतो आणि डाग पडतात. मग ते डाग झाकायला रंग, पुन्हा डाग, पुन्हा रंग. थरावर थर चढून स्केट्स जड होऊ लागले. खेळाडू वैतागले आणि प्रतिस्पर्धी हसले.

घातक गोष्ट फिनली येण्याच्या थोडी आधी घडली. ती समजायला 'ड्राफ्ट' समजून घ्यावा लागेल. लहानपणी गल्लीत आम्ही टीम पाडायचो, तेव्हा दोन कॅप्टन आळीपाळीने एकेक गडी मागून घ्यायचे. व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी नव्या, तरुण खेळाडूंची अशीच वाटणी होते. सील्सच्या काळात नियम असा होता की जो संघ सर्वांत शेवटी आला, त्याने पहिला गडी निवडायचा. का? तर दुबळ्याला उद्या सबळ होण्याची संधी मिळावी म्हणून. इंजिनीयरच्या भाषेत सांगायचं तर यंत्र आपोआप तोल सावरतं.

पण या नियमात एक खिडकी उघडी होती. आपला नंबर दुसऱ्याला देऊन टाकता यायचा. मे १९७० मध्ये सील्सने मॉन्ट्रियल संघाशी सौदा केला. मॉन्ट्रियलकडून अर्नी हिकी हा खेळाडू आणि त्या वर्षीचा त्यांचा पहिला नंबर घेतला. बदल्यात एक खेळाडू आणि १९७१ चा आपला पहिला नंबर दिला. मॉन्ट्रियलचे सूत्रधार सॅम पोलॉक फार दूरचं पाहणारे होते. क्यूबेकमध्ये गी लाफ्लूर नावाचा एक विलक्षण मुलगा खेळतोय आणि तो १९७१ मध्ये ड्राफ्टला येणार, हे त्यांना ठाऊक होतं. मधे लॉस एंजेलिसचा संघ तळाला जाईल अशी लक्षणं दिसली, तेव्हा त्यांनी आपला राल्फ बॅकस्ट्रॉम हा कसलेला खेळाडू जानेवारी १९७१ मध्ये तिकडे देऊन टाकला. तळ सील्ससाठी राखून ठेवायला त्यांनी हे केलं, असं आजही सांगतात.

सील्स ७८ पैकी २० सामने जिंकून शेवटी आले. पहिला नंबर त्यांचाच, पण तो आता मॉन्ट्रियलच्या खिशात होता. लाफ्लूर मॉन्ट्रियलला गेला. तिथे त्याने सलग ६ मोसमांत ५० किंवा जास्त गोल केले आणि संघाबरोबर ५ वेळा स्टॅनली कप जिंकला. हिकी वाईट खेळाडू नव्हता. पण पेरणीसाठी ठेवलेलं बियाणंच दळून खाल्लं, तर पुढच्या वर्षी शेतात काय उगवणार?

मग १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही नवी लीग निघाली आणि खेळाडूंना भरघोस पगार देऊ लागली. फिनली यांनी पगार वाढवायला नकार दिला. बरेच चांगले खेळाडू निघून गेले. १९७३-७४ मध्ये तर ७८ पैकी फक्त १३ विजय. अशा संघात जिल मेलोश नावाचा गोलरक्षक रोज रात्री पकचा मारा झेलत उभा राहायचा. त्याचं मला फार कौतुक वाटतं.

फेब्रुवारी १९७४ मध्ये फिनली यांनी संघ लीगलाच विकला. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे हॉटेलमालक मेल स्विग यांनी तो घेतला. सॅन फ्रान्सिस्कोत नवं अरीना बांधायचा त्यांचा बेत होता, तो फिसकटला. १९७६ मध्ये संघ ओहायोत जाऊन क्लीव्हलंड बॅरन्स झाला. तिथे शहरापासून दूर, १८ हजार आसनांच्या कोलिझियममध्ये प्रेक्षक आणखीच तुरळक दिसू लागले. खेळाडूंचे पगार थकले, आणि लीग व खेळाडूंच्या संघटनेने पैसे उसने दिले म्हणून पहिला मोसम कसाबसा पार पडला. अखेर १९७८ मध्ये हा संघ मिनेसोटा नॉर्थ स्टार्समध्ये विलीन झाला. लीगमध्ये १८ चे १७ संघ उरले. सील्सची ९ वर्षं आणि बॅरन्सची २, अशी ११ वर्षांत गोष्ट संपली.

मुलगी म्हणाली, "बघा, हरले म्हणून बंद पडले!"

थांबा. गोष्ट इथे संपत नाही. जॉर्ज गंड यांचा सील्समध्ये छोटा हिस्सा होता. ते आणि त्यांचे अंध बंधू गॉर्डन पुढे नॉर्थ स्टार्सचे मालक झाले. त्यांना बे एरियात परत यायचं होतं. १९९० मध्ये त्यांनी मिनेसोटाचा संघ विकला, आणि त्यांना मिळाला एक नवा संघ. कोणता, ते सॅन होजेच्या मुलांना सांगायला नको. शार्क्स!

१९९१-९२ चा पहिला मोसम शार्क्स त्याच जुन्या काऊ पॅलेसमध्ये खेळले. ८० पैकी विजय १७. दुसऱ्या मोसमात ८४ पैकी विजय ११ आणि पराभव ७१. एका मोसमात इतके पराभव लीगमध्ये आजवर दुसऱ्या कोणाचे नाहीत. म्हणजे सील्सपेक्षाही वाईट. तरी काऊ पॅलेस बहुतेक वेळा भरलेला असायचा. सॅन होजेच्या मतदारांनी अरीनाला १९८८ मध्येच कौल दिला होता. १९९३ मध्ये ते उघडलं, आणि त्याच मोसमाच्या बाद फेरीत शार्क्सनी बलाढ्य डेट्रॉइटला हरवलं.

उलटं उदाहरणही आहे. फिनली यांच्याच ए'ज संघाने १९७२, १९७३ आणि १९७४ असं सलग तीनदा अजिंक्यपद मिळवलं. २०२४ च्या मोसमानंतर तोही ओकलंड सोडून गेला. म्हणजे हरल्याने संघ मरतोच असं नाही, आणि जिंकल्याने टिकतोच असंही नाही. उद्याचा गडी राखून ठेवणारे, एका जागी पाय रोवणारे आणि पराभवानंतरही पुढच्या शनिवारी येणारे लोक असले की संघ टिकतो. सील्सकडे मोजके का होईना, पण निष्ठावान प्रेक्षक होते. कमी पडले ते दम धरणारे मालक.

मी मुलीला हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आमच्या कोचनी पुढच्या सीझनचं ग्राउंड बुक केलंय." मी म्हटलं, "मग झालं तर!"

जाता जाता गृहपाठ. 'ड्राफ्ट' या शब्दाला तुम्ही मराठीत काय म्हणाल? घरी आजी-आजोबांना विचारा आणि पुढच्या रविवारी वर्गात सांगा.