गुंडापासून कॅनपर्यंत

2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळात कुणाच्याही घरी गेलं की चहाच्या आधी नळाची चौकशी व्हायची. “तुमच्याकडे कधी आला होता?” आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता. निळोणा धरण आटलं, चापडोह धरण तळाला गेलं आणि नळ पंधरा-वीस दिवसांनी यायला लागला. गल्लोगल्ली दारापुढे निळे ड्रम उभे राहिले. त्याच वर्षी 23 जूनपासून राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली. पिशवी गेली, पण प्यायचं पाणी पंधरा-पंधरा दिवस प्लास्टिकमध्येच राहू लागलं. त्याची चर्चा तेव्हा कुणी केली नाही, कारण ड्रम भरलेला असणं हेच मोठं सुख होतं.

त्याआधी घरात तांब्या-पितळेचे गुंड होते, अंगणात रांजण होता आणि जमिनीखाली बिडाचे नळ होते. ते गंजायचे, पाणी तांबूस यायचं. मग पीव्हीसी आला, पाठोपाठ काळा एचडीपीई. हलका, स्वस्त, न गंजणारा. दोघांनी खांद्यावर घेऊन नेला तरी चालतो. प्लास्टिकचा पाईप नसता तर कितीतरी वाड्यांना आणि कोलाम आदिवासींच्या पोडांना पाणी मिळायला अजून वर्षं लागली असती. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनची गावातली मदारही बरीचशी याच पाईपावर आहे. त्याला सरसकट दोष देणं मला पटत नाही.

पण प्लंबर पाईप कापतो तेव्हा जवळ उभं राहून पाहा. करवतीखालून पांढरा कीस पडतो. निम्मा जमिनीवर, निम्मा पाईपाच्या आत. तो झटकून, कडा घासून मगच सोल्युशन लावणारे कारागीर आहेत, पण घाईत ते राहून जातं. गच्चीवर वर्षानुवर्षं उन्हात पडलेल्या पाईपावर बोट फिरवलं तर भुकटी हाताला लागते. आपलं ऊन मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतं, त्यात प्लास्टिक कुरकुरीत होतं. जमिनीत गाडलेला पाईप त्यामानानं शांत असतो. खरा त्रास नळ रोज न येण्यानं होतो. रिकाम्या पाईपात पाणी एकदम घुसतं आणि आत बसलेला सगळा थर हलतो. म्हणून तर पहिली बादली सोडून द्यायची आपली रीत. त्यात कुणी टिल्लू पंप लावला की लाईन ओढली जाते आणि फुटक्या सांध्यातून बाहेरची घाणही आत येते.

‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ केला रिचर्ड थॉम्प्सन यांनी, 2004 मध्ये, समुद्राबद्दल लिहिताना. पाच मिलिमीटरहून लहान तुकडे ते सूक्ष्म प्लास्टिक. नळापर्यंत ही गोष्ट 2017 मध्ये आली. दिल्लीसह जगभरातून घेतलेल्या नळाच्या पाण्याच्या 159 नमुन्यांपैकी 83 टक्क्यांत प्लास्टिकचे तंतू निघाले. पुढच्या वर्षी बाटलीबंद पाणी तपासलं गेलं. 259 बाटल्यांपैकी 93 टक्के बाटल्यांत कण होते. 2021 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं आणि ‘टॉक्सिक्स लिंक’नं पणजी, मडगाव, म्हापसा यांसारख्या शहरांतलं नळाचं पाणी तपासलं. तिथेही सूक्ष्म प्लास्टिक सापडलं.

बाटलीचा आकडा मला जास्त टोचतो. आपल्या जिल्ह्यातल्या झरी जामणी, केळापूरकडच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे. मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि म्हाताऱ्यांची न वाकणारी कंबर आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. त्या भीतीनं आणि टंचाईनं वीस लिटरचा कॅन घरात आला. लोकांनी तो हौसेनं घेतला नाही. रोजंदारीतले पैसे बाजूला काढून जे ‘शुद्ध’ म्हणून विकत घेतलं, ते पाणीही प्लास्टिकमध्येच बसून येतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 च्या अहवालात सांगितलं की पाण्यातल्या या कणांमुळे होणाऱ्या धोक्याबद्दलची माहिती अजून अपुरी आहे आणि रोगजंतूंचा प्रश्न आधी सोडवायला हवा. मला ते मान्य आहे. फुटका सांधा आणि क्लोरिन नसलेली टाकी आजच माणसाला आजारी पाडते. पण गाळणं नीट असलं की गाळासोबत प्लास्टिकचे कणही बरेच अडतात; म्हणजे दोन्हींसाठी काम एकच आहे.

नळ नियमित यावा म्हणून अमृत योजनेतून बेंबळा धरणाचं पाणी यवतमाळ शहराकडे आणायचं ठरलं, रस्ते खोदले गेले. 4 मार्च 2023 ला यवतमाळात जमिनीखालची पाईपलाईन फुटली, रस्ता उसळून दुभंगला, स्कूटीवरची एक महिला जखमी झाली. तो व्हिडिओ देशभर फिरला. पाईपातल्या दाबाचा अंदाज आपल्याला त्या दिवशी आला.

पाण्यातले प्लास्टिकचे कण घरीच काढता येतात का, हे पाहायला 2024 च्या सुरुवातीला चीनमधल्या संशोधकांनी नळाचं जड पाणी उकळून पाहिलं. पाण्यातला चुना तापल्यावर बाहेर पडतो आणि प्लास्टिकच्या कणांभोवती कवच धरतो. लिटरमागे 300 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असलेलं पाणी उकळून गाळल्यावर 90 टक्क्यांपर्यंत कण निघून गेले. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे, हे डाळ न शिजणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. फ्लोराईड मात्र उकळून जात नाही, त्याला वेगळा उपाय लागतो. पातेल्याच्या तळाचा चुन्याचा तो पांढरा थर आई चिंच लावून घासून काढायची आणि पाण्याला नावं ठेवायची.