जाणता रेडिओ

लहरींच्या जगात रिकामी जागा आणि निःशब्द जागा या दोन गोष्टी एक नव्हेत. हा भेद आज विचारात घ्यावयाचा आहे.

रेडिओ, दूरदर्शन, मोबाइल ही सारी साधने लहरींवर चालतात. या लहरींच्या विस्तीर्ण पट्ट्याचे, म्हणजे स्पेक्ट्रमचे, भाग पाडून शासन ते निरनिराळ्या कामांस नेमून देते. परंतु नेमलेला प्रत्येक भाग प्रत्येक गावी, प्रत्येक घटकेला वापरात असतोच असे नाही. इकडे मोबाइलच्या वाटेवर दाटी, तर तिकडे कित्येक वाटा ओस, असा प्रकार घडतो.

१९९९ साली जोसेफ मिटोला व जेराल्ड मॅग्वायर यांनी ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’ची कल्पना मांडली. आपण त्याला जाणता रेडिओ म्हणू. भोवतालचा कानोसा घ्यावा, जागा मोकळी दिसल्यास तेथे बोलावे आणि मूळ हक्कदार येताच निमूटपणे दूर व्हावे, असा त्याचा शिष्टाचार पुढे ठरत गेला.

पण मोकळी जागा ओळखावी कशी? सोपा उपाय असा की, त्या पट्ट्यातील शक्ती मोजावी. नेहमीच्या खरखरीहून ती अधिक भरली, तर कोणीतरी बोलत आहे असे समजावे. गोम येथेच आहे. टेकडीच्या आड असलेल्या मोबाइलला दूरच्या मनोऱ्याच्या लहरी ऐकू येत नाहीत. सारे शांत आहे असे मानून तो बोलू लागला, तर टेकडीवरच्या घरातील दूरदर्शनचे चित्र बिघडते.

म्हणून एकाची साक्ष पुरेशी नाही. गच्चीवरचे, रस्त्यावरचे, गाडीतले अनेक मोबाइल आपापला अनुभव एका केंद्राला कळवतील, तर एकाला न ऐकू आलेले दुसऱ्याला ऐकू येईल. अर्थात मोबाइलचा अँटेना लहान आणि बॅटरी मर्यादित. शिवाय एखाद्याने खोटी साक्ष दिली तर निवाडा चुकेल, आणि साक्षीबरोबर साक्षीदाराचा ठावठिकाणाही केंद्राला कळेल.

अमेरिकेत दूरदर्शनच्या रिकाम्या पट्ट्यांसाठी २००८ साली कानोसा घेण्याची सक्ती झाली. २०१० साली, स्थळ ओळखून नोंदवहीला विचारणाऱ्या यंत्रांपुरती ती उठली. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.ने अशाच पट्ट्यांतून पालघरच्या गावांत इंटरनेट पोचविण्याचा प्रयोग केला. दूरच्या गावाला इंटरनेट मिळावे आणि जुन्या हक्कदाराच्या प्रक्षेपणात व्यत्ययही येऊ नये, ही दोन्ही कामे साधावयाची, तर नोंदवहीचा आधार आणि अनेक कानांची साक्ष यांचा मेळ घालावा लागेल.