रोज टेकडी करूनही वजन का उतरत नाही?

पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, मुंबईत शिवाजी पार्कचा कट्टा नाहीतर बोरिवलीचे नॅशनल पार्क, कोल्हापुरात रंकाळा. ठिकाण कुठलेही असो, भल्या सकाळी तिथे एक तक्रार हमखास कानावर पडते : "सहा महिने झाले येतोय, पण काटा काही हलत नाही." तक्रार खरी असते. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे चालून काही होत नाही, हा मात्र चुकीचा. बागा आणि टेकड्या लठ्ठपणा रोखायला नक्की उपयोगी पडतात, फक्त तो उपयोग आपण भलतीकडे शोधत असतो.

"चालले की वजन उतरते."

हिशेब मांडून पाहू. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला की साधारण १२० ते १५० कॅलरी खर्च होतात. चढ असेल तर थोड्या जास्त. एक वडापाव तीनशेच्या आसपास जातो. आता टेकडीच्या पायथ्याशी या. पोह्यांची गाडी लागलेली असते. उतरणाऱ्यांपैकी निम्मे तिथे रेंगाळतात. पोह्यांवर मूठभर शेव पडते, "आज वरपर्यंत गेलो" म्हणून एक वडा दोघांत मागवला जातो आणि शेवटी गोड चहा. टेकडीने जे घेतले ते गाडीवर दहा मिनिटांत सव्याज परत मिळते. फाटकाबाहेर ग्लासभर कारल्याचा रस पिणारे स्वतःला या हिशेबातून वगळतात. पण कारल्याच्या रसाने चरबी वितळत नाही, आणि तोंड कडू केल्याचा मोबदला म्हणून घरी खाल्लेली साबुदाण्याची खिचडी कुणी मोजत नाही.

मग चालायचे तरी कशाला? उतरवणे आणि रोखणे ही दोन वेगळी कामे आहेत, म्हणून. साठलेले दहा किलो उतरवायचे तर ताटात फरक करावाच लागतो; खाणे तेच ठेवून नुसत्या चालण्याने फार तर दोन-तीन किलो हलतात. पण ते दहा किलो आले कसे? पंचविशीत साठ किलोचा असलेला माणूस वर्षाला अर्धाच किलो वाढला, तर घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. पंचेचाळिशीत तो सत्तरवर पोचलेला असतो. ही मुंगीच्या पावलाने होणारी वाढ थोपवणे रोजच्या चालण्याला जमते. कष्टाने उतरवलेले वजन पुन्हा चढू न देणे हेही जमते. चाळिशीतल्या माणसाचा काटा वर्षभर हलला नसेल, तर त्याने तक्रार करू नये, पेढे वाटावेत. (एकेकच.)

काट्याला दिसत नाही असेही काही घडत असते. पोटाच्या आत, यकृत-आतड्यांभोवती साठणारी चरबी नियमित चालण्याने कमी होऊ शकते, वजन तेवढेच राहिले तरीही. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात.

"मी तर बारीक आहे, मला काय गरज?"

या गैरसमजाचा समाचार पुण्यातूनच घेतला गेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) अगदी सारखा, २२.३. वरवर पाहिले तर दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. त्यांनी याची संभाव्य कारणे देताना मिश्किलपणे नोंदवले आहे की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत ते गाठणे.

आपल्याकडची माणसे अंगाने बारीक दिसत असली तरी आतून चरबी बाळगून असतात. म्हणूनच बीएमआयचा जागतिक उंबरठा २५ आणि ३० असताना भारतीय डॉक्टर २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. हातपाय काड्यांसारखे आणि शर्टाचे खालचे बटण ताणलेले, असा माणूस आपल्या प्रत्येक कुटुंबात असतोच. टेकडीची गरज त्यालाही आहे.

"दहा हजार पावले झालीच पाहिजेत, घाम निघालाच पाहिजे."

दहा हजारांचा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ साली यामासा या जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र बाजारात आणले, त्याच्या नावातला तो आकडा. पुढे २०१९ साली अमेरिकेतल्या सुमारे सतरा हजार वृद्ध स्त्रियांचा अभ्यास झाला. रोज ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण २,७०० पावलांवर थांबणाऱ्यांपेक्षा बरेच कमी होते आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक पडत नव्हता. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगते. सलग दहा मिनिटे झाली तरच धरायची, ही जुनी अट २०२० मध्ये काढून टाकली गेली. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. घामाने जाते ते पाणी. भर मे महिन्यात जाकीट घालून फेऱ्या मारणाऱ्यांनी हे वाचावे. ओपन जिममधल्या गोल चकतीवर उभे राहून कंबर कितीही फिरवली तरी तेवढ्यापुरती ढेरी जात नाही, हेही जाता जाता.

"जवळ बाग झाली की लोक आपोआप चालू लागतात."

हा गैरसमज सर्वांत महागडा, कारण त्यावर महापालिकांचा पैसा खर्च होतो.

बाग जवळ असल्याने फरक पडतो, यात शंका नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात नऊ-दहा वर्षांच्या तीन हजारांहून अधिक मुलांवर आठ वर्षे लक्ष ठेवले गेले. घरापासून पाचशे मीटरच्या आत ज्यांना जास्त उद्याने होती, त्यांचा बीएमआय अठराव्या वर्षी तुलनेने कमी होता. पण उद्यान म्हणजे नेमके काय? अमेरिकेतल्याच २५ शहरांतल्या १७४ बागांची रँड कॉर्पोरेशनच्या संशोधकांनी पाहणी केली. वृद्ध लोक लोकसंख्येत वीस टक्के, बागेत मात्र जेमतेम चार टक्के. आणि ज्या बागांमध्ये चालायला वर्तुळाकार वाट होती, तिथे येणारे लोक ८० टक्क्यांनी जास्त आणि मध्यम ते जोरदार हालचाल ९० टक्क्यांनी जास्त.

आता आपल्याकडची बाग आठवा. मधोमध कारंजे, बहुतेक वेळा बंद. एखादा पुतळा. हिरवळ, आणि तीत 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी. खेळण्यास मनाई, सायकल आणण्यास मनाई. उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉकची चिंचोळी वाट; दोन ठिकाणी ब्लॉक खचलेले, तिसऱ्या ठिकाणी वाटेतच बाक. शंभर-दीडशे मीटरमध्ये एक फेरी संपते आणि चक्कर यायला लागते. शिवाय दुपारी फाटकाला कुलूप. बसायला उत्तम, चालायला निरुपयोगी. याउलट शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते. तिकीट नाही, रात्री उजेड, आणि माणसांची सतत जाग. तिथे गर्दी होते ती दादरकर विशेष शिस्तीचे आहेत म्हणून, असे मला वाटत नाही.

'आयसीएमआर-इंडियाब' या पाहणीत महाराष्ट्रातल्या ९१.३ टक्के लोकांनी फावल्या वेळात कसलाही व्यायाम करत नसल्याचे सांगितले होते. त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ४२ टक्के आणि स्त्रियांचे ५७ टक्के. बायका मागे का? टेकडीवर जायची वेळ सकाळची, आणि नेमकी तीच वेळ डब्यांची, नळाला पाणी येण्याची, मुलांच्या शाळेच्या बसची. दुपारी थोडी फुरसत मिळते तेव्हा बागेला कुलूप. संध्याकाळी टेकडीवर अंधार, आणि निर्जन वाटेवर एकट्या बाईने जायचे कसे? "तुम्ही बायका व्यायामच करत नाही" असे बजावणारे डॉक्टर या वेळापत्रकाकडे कधी पाहतात का, कोण जाणे.

रँडच्या त्या बागांच्या पाहणीतला आणखी एक आकडा इथे कामाचा आहे. बागेत कुणीतरी घेत असलेला एकेक उपक्रम वाढला की येणाऱ्यांची संख्या ४८ टक्क्यांनी वाढत होती. आपले हास्यक्लब आणि योगवर्ग लोक हसण्यावारी नेतात, पण त्यांच्यामुळेच सत्तरीतल्या आजी घराबाहेर पडतात, आणि सोबत सून पडली तर तिलाही कुणी काही बोलत नाही.

पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपापल्या प्रभागातली कामे मागवते. तुमच्या गावात तशी सोय नसेल तर नगरसेवकाला पत्र लिहा. या वेळी कारंजे मागू नका, ओपन जिमचा आणखी एक सेटही मागू नका. बागेच्या कडेकडेने सलग, सपाट, दिवे असलेली आणि दोन बायका शेजारी शेजारी बोलत चालू शकतील एवढी रुंद वाट मागा. आणि खाली एक ओळ जोडा : दुपारी फाटक उघडे ठेवावे.