पेढीवरच्या मुलाची पुस्तके

इ. स. 1600 च्या सुमारास जौनपूर येथील खरगसेन नावाच्या जैन जवाहिऱ्याच्या घरात एक वाद चालू होता. मुलगा बनारसीदास वयात येऊ लागलेला. व्यापारात त्याचे चित्त लागेना, पोथ्यांत मात्र तो रमे. वडीलधाऱ्यांनी त्याला परोपरीने समजावले की, फार शिकणे हे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम आहे, वाण्याच्या मुलाने दुकानी बसावे, फार शिकणाऱ्यावर शेवटी भीक मागण्याची पाळी येते. मुलाने ऐकले नाही. पुढे वडिलांनी रत्ने, तूप, तेल आणि कापड बरोबर देऊन त्याला आग्र्यास धाडले. तेथे काही रत्ने हरवली, माल तोट्यात गेला, आणि हा गृहस्थ बाजारात जाणे सोडून रात्री घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही काव्ये मोठ्याने वाचू लागला. ऐकायला दहा-वीस माणसे जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून कित्येक महिने उधारीवर कचोऱ्या घेऊन बनारसीदासाने दिवस काढले.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते बनारसीदासाने स्वतःच 1641 मध्ये लिहून ठेवले म्हणून. त्याच्या पुस्तकाचे नाव ‘अर्धकथानक’. मनुष्याचे आयुष्य एकशेदहा वर्षांचे मानून, पंचावन्न वर्षांची कहाणी ती अर्धीच, असा त्या नावाचा अर्थ. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून त्याचा मान आहे. वडीलधाऱ्यांचा इशारा अगदीच चुकला असे म्हणता येणार नाही. व्यापारात बनारसीदासाने पुष्कळ ठोकरा खाल्ल्या. परंतु त्या काळच्या जैन व्यापाऱ्यांची भागीदारी, हुंड्या, प्रवास, वाटेवरचे चोर, घरातील जन्ममृत्यू यांचे इतके जवळून केलेले वर्णन अन्यत्र सहसा मिळत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या, हिंदी बऱ्यापैकी समजणाऱ्या मुलाला हे पुस्तक अर्थासहित अवश्य द्यावे. तारुण्यातील चुका लेखकाने झाकलेल्या नाहीत. स्वतःच रचलेले शृंगारिक काव्य लाज वाटून गोमती नदीत फेकून दिल्याचा प्रसंगही त्यात आहे. म्हणून लहान वयात ते नको.

जौनपूरचा वाद अजून मिटलेला नाही. आज कोणी शिक्षणाला विरोध करीत नाही, मुलाने सी.ए. व्हावे, मुलीने पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, अशी घरोघरी इच्छा असते. विरोध असतो तो ‘अवांतर’ वाचनाला. सुटीत दुकानी बसलेल्या मुलाच्या हातात गोष्टीचे पुस्तक दिसले की, गिऱ्हाईक उभे आहे आणि हा वाचतो आहे, असे शब्द ऐकू येतात. मुलगी वाचत असेल तर तिला कोणी टोकत नाही, पण तिला पुस्तक आणूनही कोणी देत नाही. वाढदिवसाला कपडे, सोन्याचा दागिना, भ्रमणध्वनी हे सर्व येते. दीड-दोनशे रुपयांचे पुस्तक मात्र महाग वाटते! वास्तविक वाचनाची ओढ असलेले मूल घरात असणे ही मोठी ठेव आहे, आणि दहा ते पंधरा या वयात तिला योग्य खाद्य मिळाले नाही तर ती ओढ हळूहळू आटते.

आरंभ घरातूनच करावा. जैन आगमांतील ‘ज्ञाताधर्मकथा’ या अंगाच्या सातव्या अध्ययनात रोहिणीची कथा आहे. राजगृहातील धन्य सार्थवाह आपल्या चार सुनांना भाताचे पाच-पाच दाणे देतो आणि मागीन तेव्हा परत करा, असे सांगतो. पहिली, उज्झिका, ते फेकून देते. कोठारात भाताला काय तोटा, असा तिचा विचार. दुसरी, भोगवती, सोलून खाऊन टाकते. तिसरी, रक्षिका, वस्त्रात बांधून डबीत जपते. चौथी, रोहिणी, माहेरी पाठवून ते पेरायला लावते. पीक पुन्हा पेरले जाते, असे वर्षामागून वर्ष. पाचव्या वर्षी सासरे दाणे मागतात तेव्हा रोहिणी म्हणते, ते आणायला गाड्या लागतील. मग सासरा कामाची वाटणी करतो. उज्झिकेला झाडलोट, भोगवतीला स्वयंपाकघर, रक्षिकेला भांडाराच्या किल्ल्या, आणि रोहिणीला साऱ्या घराचा कारभार. व्यापाऱ्याच्या मुलांना ही कथा लगेच उमगते. मूळ कथेत हे पाच दाणे म्हणजे साधूची पाच महाव्रते, पण दहा वर्षांच्या मुलाला तो अर्थ घाईने सांगू नये. त्याला आधी गाड्या मोजू द्याव्यात. रक्षिकेला तिसरा क्रमांक का, तिने तर काहीच गमावले नव्हते, असे मूल विचारीलच. ठेव आणि गुंतवणूक यांतील फरक समजावून सांगायला याहून सोपे साधन नाही.

मराठीतील पुस्तकांत ‘श्यामची आई’चे नाव प्रत्येक यादीत असते, त्यामुळे ते न वाचताच वाचल्यासारखे वाटू लागते. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यावरचा आचार्य अत्र्यांचा चित्रपट राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवून गेला. रडवणारे पुस्तक अशी त्याची ख्याती आहे, आणि हल्लीच्या काही पालकांना ते फार हळवे वाटते. परंतु व्यापारी घरातील मुलाने ते वाचावे यासाठी एक निराळे कारण आहे. श्यामच्या घराला कर्जाने पोखरलेले आहे. वसुलीला आलेला सावकाराचा माणूस वडिलांना वाटेल ते बोलतो आणि ते ऐकून घरातील बाईचा संयम सुटतो, तो प्रसंग वाचताना सावकारी आणि उधारीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या घरांना थोडे अवघडल्यासारखे होईल. व्हायला हरकत नाही. खतावणीत ज्याच्या नावे येणे दाखविलेले असते, त्याच्या ओटीवर संध्याकाळी काय चालते, हे खतावणीत लिहिलेले नसते. उद्या वसुलीचे काम ज्या मुलाकडे येणार आहे त्याने ते बाराव्या-तेराव्या वर्षी वाचलेले बरे. पुस्तके घेण्यासाठी श्यामने केलेल्या चोरीचे प्रकरणही याच पुस्तकात आहे. ते वाचणाऱ्या मुलाला विशेष जवळचे वाटेल.

दुसरे पुस्तक वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’. ते 1981 साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या आवृत्त्या अजून निघतात. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामीत जन्मला, 1896 मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून टस्कीगीच्या संस्थेत गेला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमुगासारखी पिके घ्या, असे त्याने शेतकऱ्यांना सांगितले. मग पिकलेल्या भुईमुगाचे करायचे काय, हा प्रश्न आला. त्याच्या 1916 च्या पुस्तिकेत भुईमुगाचे 105 पदार्थ दिलेले आहेत. भुसार बाजारात वाढलेल्या मुलाला शेंगांची पोती परिचयाची असतात. त्यामुळे हे चरित्र परदेशातले असूनही त्याला परके वाटत नाही. कार्व्हरने धनाचा लोभ धरला नाही आणि आयुष्यभराची शिल्लक संशोधनासाठी देऊन टाकली. अपरिग्रह हा शब्द पुस्तकात नाही, आणि पालकांनीही तो मध्ये आणू नये.

केवळ आनंदासाठीही वाचावे. ना. धो. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांना तोड नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याला शिकायला येतो आणि सायकलवरून संकटांत शिरतो. त्यातून काय बोध मिळतो, असे विचारणाऱ्यांनी ते पुस्तक मुलाकडे सोपवून आपल्या कामाला जावे. जोशी पाली भाषेचे विद्वान होते आणि जातककथांचे मराठी त्यांनी केले, हे चिमणरावांवर हसणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

भागवतांनी ज्युल व्हर्नच्या कादंबऱ्याही मराठीत आणल्या. व्हर्नची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या फिलिअस फॉगची कथा कोणत्याही भाषेत मिळो, ती हिशेबी घरातल्या मुलांनी चुकवू नये. फॉग वीस हजार पौंडांची पैज लावतो, एकोणीस हजारांच्या आसपास प्रवासात खर्च करतो, पैज जिंकतो, आणि उरलेले हजार पौंड आपल्या नोकराला व पाठलाग करणाऱ्या गुप्तहेराला वाटून देतो. नफा शून्य. पूर्वेकडे जाताना एक दिवस कसा वाचला, हे मुलाने पृथ्वीचा गोल हातात घेऊन स्वतः शोधावे.

एका प्रश्नाचा विचार येथे करणे भाग आहे, कारण तो अनेक श्राविका विचारतात. पुस्तकांत शिकार येते, मांसाहार येतो. अशी पुस्तके मुलांना द्यावीत काय? ‘तोत्तोचान’ या गाजलेल्या जपानी पुस्तकात शाळेतल्या मुलांच्या डब्यात रोज काहीतरी समुद्रातले आणि काहीतरी डोंगरावरचे असावे, असा मुख्याध्यापकांचा आग्रह असतो. आगगाडीच्या डब्यांत भरणारी ही शाळा पुढे युद्धात बाँबहल्ल्यात जळून गेली. एका डब्यातील मासळीपायी मुलांना असे मुख्याध्यापक भेटू न देणे हा तोट्याचा सौदा आहे. जैन घरातले मूल त्या पानाशी थांबेल, आईला विचारील, आणि आईला उत्तर द्यावे लागेल. इतकेच. जिम कॉर्बेटच्या ‘कुमाऊंचे नरभक्षक’विषयी मात्र दुमत होऊ शकते, ज्या घरात नको वाटेल त्यांनी ते थोडे उशिरा द्यावे.

इंग्रजी माध्यमातील मुलांसाठी ई. बी. व्हाइट यांचे ‘शार्लट्स वेब’ हे 1952 सालचे पुस्तक आहे. वडील कुऱ्हाड घेऊन अशक्त डुकराच्या पिल्लाला मारायला निघतात आणि लहान मुलगी त्यांना अडविते, अशी त्याची सुरुवात. पुढे एक कोळीण आपल्या जाळ्यात शब्द विणून त्या पिल्लाचे प्राण वाचविते. ती स्वतः माश्यांचे रक्त पिऊन जगते, हेही ती स्पष्ट सांगते आणि पिल्लू हादरते. जीवदया हा शब्द पाठशाळेत शेकडो वेळा ऐकलेल्या मुलांना या पानावर पुष्कळ बोलायचे असते.

तेराव्या-चौदाव्या वर्षी गांधीजींचे ‘सत्याचे प्रयोग’ हाती द्यावे. प्रथम सगळे नको. बालपणीची प्रकरणे पुरेत. चोरून खाल्लेले मांस, भावाच्या कड्यातील सोन्याची चोरी आणि वडिलांना लिहिलेली कबुलीची चिठ्ठी एवढे वाचले की पुढचे मूल आपोआप वाचते. विलायतेला जाण्यापूर्वी त्यांच्याकडून प्रतिज्ञा घेवविणारे बेचरजी स्वामी जैन साधू होते. विलायतेहून परतल्यावर 1891 मध्ये मुंबईत त्यांना रायचंदभाई, म्हणजे श्रीमद् राजचंद्र, भेटले. हिरे-मोत्यांचा लाखोंचा व्यवहार आटोपताच पेढीवर बसल्या बसल्या ते धर्मपुस्तक किंवा आपली वही उघडीत, असे गांधीजींनी लिहिले आहे.

पुस्तके निवडताना मुलाला बरोबर न्यावे आणि चारांपैकी दोन त्याची त्याला घेऊ द्यावीत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. दुकानात मंदीची दुपार असते, गिऱ्हाईक चारनंतरच येते. त्या दोन तासांत मूल काय वाचते आहे ते विचारावे, आणि जमल्यास पुढचे प्रकरण त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.